फाटकावरचा पैसा आणि जंगलावरचा हक्क

लोकांनी जंगल राखावे, जंगलाने लोकांना पोसावे आणि ते पाहायला येणाऱ्याने गावात चार पैसे सोडावेत, याबद्दल आज फारसे दुमत नाही. वाद आहे तो क्रमाचा. आधी पर्यटन आणून लोकांना जंगलाची गोडी लावायची, की आधी जंगल लोकांच्या हाती देऊन पर्यटनाचे काय ते त्यांनाच ठरवू द्यायचे? हा वाद पुढे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष या आपल्या जुन्या रीतीने मांडला आहे. पूर्वपक्ष कोणा एका माणसाचा नाही. वनखात्यात, वन्यजीवप्रेमींत आणि पर्यटन व्यवसायात तो कळकळीने मांडला जातो आणि त्यात तथ्य आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : सुरुवात आकड्यांपासून करू. २००६च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते; २०२२च्या गणनेत ते ४४४ भरले. ही वाढ ग्रामसभांच्या ठरावांनी झालेली नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यामागोमाग आलेला व्याघ्र प्रकल्प, माणसांपासून मोकळा ठेवलेला गाभा, रात्री-अपरात्री गस्त घालणारे वनरक्षक यांनी ती झाली. तिला जोड मिळाली पर्यटनाची. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पण आसपासच्या गावांना वाघ आपला वाटू लागला तो मोहर्ली आणि कोलारा फाटकांवर जिप्सींच्या रांगा लागल्यावर. गावातली पोरे गाईड झाली, ड्रायव्हर झाली, बायकांच्या हाती खानावळीतून आणि होमस्टेमधून रोख पैसा येऊ लागला. तुम्ही जिला वनोपजावरची उपजीविका म्हणता तिच्यात जंगलातून दरवर्षी काहीतरी काढून न्यावेच लागते. मोह वेचायला सोपा जावा म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तो वणवा आवरत नाही. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून झुडपे छाटतात, आगी लावतात. पर्यटक जंगलातून काही नेत नाही आणि जंगल उभे असेल तरच येतो. जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात जास्त पैसा आहे हे गरिबाला दिसले पाहिजे, आणि ते पर्यटनच दाखवते. मग दावे, हक्क, ग्रामसभा या लांबच्या वाटेने कशासाठी जायचे?

उत्तरपक्ष : तुमचे आकडे खरे आहेत आणि त्यांमागचे कष्टही. वनरक्षकांचे आणि रोजंदारीवरच्या वनमजुरांचे ऋण नाकारून लोकांची बाजू मांडणे मला मान्य नाही. पण हे वाघ राहतात कुठे, तेही बघू या. ताडोबाचा गाभा साधारण सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले वाघ त्यात केव्हाच मावेनासे झाले. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यातला ब्रह्मपुरी वनविभाग हा काही व्याघ्र प्रकल्प नाही. धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावे आणि मधूनमधून जंगल असा तो मुलूख, आणि तिथे वाघ दाटीने राहतात. तिथल्या बहुतेक गावांच्या वाट्याला पर्यटनाचे फाटक आलेले नाही. तिथे वाघ जगला आहे तो लोकांच्या सोसण्यावर. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोह वेचणारी बाई टोपली घेऊन झाडाखाली ओणवी झालेली असते. नजर जमिनीवर, पाठ झुडपांकडे. मे महिन्यात तेंदूची पाने खुडतानाही तीच गत. वाघाच्या हल्ल्यात दरसाल जी माणसे जातात त्यांत या बायका आहेत, गुराखी आहेत, धानाच्या राखणीला गेलेले शेतकरी आहेत. फाटकावर जमणारा पैसा त्यांच्या घरापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती माणूस गेल्यावरची भरपाई. पर्यटनामुळे वाघ लोकांना आपला वाटतो असे तुम्ही म्हणता, तेव्हा ज्यांनी वाघाला सर्वांत जवळून सोसले तेच तुमच्या हिशेबातून सुटतात.

आता जंगल लोकांच्या हाती असले तर काय होते ते पाहू. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध जे आंदोलन उभे राहिले, त्यात हे गाव ढवळून निघाले. पुढे देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे त्यांचे साथी यांनी एक पद्धत बसवली. निर्णय घेण्याआधी अभ्यासगटात विषय नीट समजून घ्यायचा, आणि ग्रामसभेत बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने ठरवायचे. फळझाडे तोडायची नाहीत, घरासाठी लागणारे लाकूड ग्रामसभेला विचारून घ्यायचे, बाहेरच्या कोणालाही गावाच्या परवानगीशिवाय तोड करू द्यायची नाही, मध काढताना मोहोळ नासवायचे नाही, असे नियम झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. हे सगळे चालू असताना वनहक्क कायदा कागदावरही नव्हता. तो २००६ साली आला, त्याचे नियम २००८ साली लागू झाले आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज आहे असे स्वच्छ लिहिलेले होते. तरीही वाहतूक परवाना नसल्यामुळे गावाला स्वतःचा बांबू विकून गावाबाहेर नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याची पुस्तके ग्रामसभेच्या हाती आली. या हकिकतीत पर्यटक कुठेच नाही, हे मुद्दाम नोंदवतो. आजही मेंढ्याला येणारा पाहुणा वाघ बघायला येत नाही. ग्रामसभा कशी चालते ते बघायला येतो.

तेंदूच्या आगीचा तुमचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर मी देण्यापेक्षा पाचगावने दिलेले बरे. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गावाने बांबूची तोड आणि विक्री स्वतःच्या हाती घेतली. त्यानंतर तेंदूचा प्रश्न पुढे आला. पानांचा हंगाम थोड्या दिवसांचा, पण तेवढ्यात घरात चांगला पैसा येतो. विदर्भातल्या हजारो कुटुंबांचे पावसाळ्याचे बियाणे-खत त्यावर निघते. असे असूनही पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले. झुडूप दरवर्षी छाटले की झाड वाढत नाही, फळ धरत नाही. ते फळ पाखरांचे, जनावरांचे आणि पोरांचेही खाणे आहे. शिवाय त्या पायी आगी लागतात, ही त्यामागची कारणे. जंगलाचा एक भाग त्यांनी देवाच्या नावाने राखून ठेवला आहे, तिथे तोड करायची नाही. हा त्याग त्यांना परवडला, कारण बांबूचे उत्पन्न त्यांचे स्वतःचे होते. ज्याला एकाच हंगामाची मजुरी मिळते तो ती सोडू शकत नाही. ज्याला पुढच्या वीस वर्षांच्या बांबूची खात्री आहे, त्याला यंदाच्या पानावर पाणी सोडता येते. आग लावणारा गावकरी आणि आग थांबवणारा गावकरी ही निराळी माणसे नाहीत. त्यांच्यात फरक पडतो तो हक्काने.

पूर्वपक्ष : मेंढा आणि पाचगाव ही नावे प्रत्येक लेखात येतात, आणि माझी शंका तिथेच आहे. दोन-चार असामान्य माणसे जिथे जन्मली तिथे हे घडले. बाकीच्या गावांचे काय? ग्रामसभेच्या नावाने ठराव होतो आणि तेंदूचा लिलाव ठेकेदाराच्या सोयीने होतो. कित्येक ठिकाणी ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. हिशेब कोणाला ठेवता येत नाहीत. गावात जात आहे, पक्ष आहेत, भाऊबंदकी आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली दाखवून दिले होते की जे सगळ्यांचे असते ते कोणीच राखत नाही. ज्याला त्याला आपले एक गुरू जास्त चारावेसे वाटते आणि कुरण उजाड होते. आणि गावातली तरुण मुले बांबू तोडण्यात रमतील असे तुम्हाला खरेच वाटते? त्यांना मोटारसायकल हवी आहे, पगार हवा आहे. तो जिप्सीच्या स्टिअरिंगवर मिळतो.

उत्तरपक्ष : हार्डिन यांनी ज्या कुरणाची कल्पना केली त्याला ना सीमा होती, ना नियम, ना राखणदार. ते सगळ्यांच्या मालकीचे नव्हते. ते बेवारस होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली जंगले, कालवे, मच्छीमारीची पाणथळे अभ्यासून दाखवले की माणसे सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात, पण त्याला अटी आहेत. सीमा स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, देखरेख त्यांचीच हवी, नियम मोडणाऱ्याला आधी थोडी आणि मग वाढती शिक्षा हवी, आणि या सगळ्याला सरकारची मान्यता हवी. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे बेवारसपणा आला तो लोकांमुळे नव्हे. १८७८ आणि १९२७च्या वन कायद्यांनी गावाभोवतीचे जंगल सरकारी केले आणि गावकऱ्याला स्वतःच्या रानात चोर ठरवले. पुढे स्वतंत्र भारतात त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्यांना लीजवर दिला गेला. ज्या माणसाला कुऱ्हाडीसकट पकडले जाण्याचीच भीती आहे, तो झाड राखण्याचा विचार का करील? वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देते. ऑस्ट्रॉम यांच्या अटींपैकी शेवटची, सरकारी मान्यतेची अट त्यामुळे पुरी होते. बाकीच्या अटी गावाने पुऱ्या करायच्या असतात आणि तिथेच खरे काम असते.

ते सगळीकडे झाले आहे असा माझा दावा नाही. ठेकेदारांनी पैसे थकवले हे खरे आहे. काही ग्रामसभा कागदावरच आहेत, हेही. पण उपायही याच मातीत सापडले. गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. एकट्या गावाला ठेकेदार गुंडाळू शकतो, ऐंशी-नव्वद गावे एकत्र बसून दर ठरवू लागली की त्याला ते जड जाते. त्या महाग्रामसभेत प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन बायका जातात. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे राखायला दाट जंगल नव्हतेच. मेळघाटच्या पायथ्याशी या कोरकू गावाला २०१२ साली जेमतेम दोनशे हेक्टर उजाड माळ हक्काने मिळाला. लोकांनी तिथे चर खोदले, झाडे लावली, चराई आवरली आणि सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट मुंबईत विकली. २०१४ साली गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. असामान्य माणसे प्रत्येक चांगल्या कामात सुरुवातीला लागतात. सहकारी साखर कारखान्यालाही लागली होती. प्रश्न इतकाच की त्यांच्यामागे कायदा, हिशेबनीस आणि थोडे भांडवल उभे राहते की नाही. नेपाळने ते उभे केले. तिथे १९९३च्या वन कायद्यानंतर बावीस हजारांवर वनउपभोक्ता गट तयार झाले आणि १९९२ ते २०१६ या काळात देशातले वनाच्छादन २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेले. पहाडातली माणसे परदेशी मजुरीला गेली, शेते ओसाड पडली, याचाही त्यात हात आहे. तो वजा केला तरी उरलेले श्रेय मोठे आहे.

तरुण मुलांचा प्रश्न तुम्ही योग्य विचारलात. बांबूतोड हे कष्टाचे काम आहे. बेटातले जून बांबू निवडून काढायचे, कोवळे वास्ते आणि चालू वर्षाचे बांबू सोडायचे, काटेरी फांद्या साळायच्या, लांबीप्रमाणे गठ्ठे बांधायचे. पण बांबूच्या डेपोचा हिशेब ठेवणे, जंगलाचा आराखडा करणे, जीपीएसने सीमा मोजणे, लिलावाची निविदा वाचणे ही कामेही याच जंगलातून निघतात आणि ती शिकलेल्या मुलांची आहेत. जिप्सीचे स्टिअरिंग हा एकच रोजगार मानणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

पूर्वपक्ष : बरे, लोक जंगल राखू शकतात हे घटकाभर मानू. पण वाघाला माणूस नको असतो. गाभ्यात वस्ती ठेवून वाघ वाढतील असे कोण म्हणेल? आणि तुमच्या मांडणीत पर्यटनाला जागा तरी कुठे उरते?

उत्तरपक्ष : पहिल्या प्रश्नावर मी आग्रही नाही. वाघिणीला पिल्ले वाढवायला शांत जागा लागते आणि काही जंगल निर्मनुष्य असणे योग्य आहे. स्वतःहून, पूर्ण भरपाई घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्या गावाला अडवू नये. पण माणूस हटवला की वाघ वाढतो हा नियम मात्र खरा नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन बेट्ट इथे सोलिगा आदिवासींना २०११ साली, व्याघ्र प्रकल्पाच्या आत, सामूहिक वनहक्क मिळाले. २०१० ते २०१४ या काळात तिथले वाघ जवळजवळ दुप्पट झाले. ते सोलिगांमुळेच झाले असे मी म्हणणार नाही. सोलिगा तिथे असूनही ते झाले, एवढे पुरे आहे. उलट सोलिगा सांगत आले की उन्हाळ्याआधी लावायची त्यांची हलकी आग बंद पडल्यापासून जंगलात घाणेरी माजली आणि गवत गेले. हे ज्ञान गाभ्याबाहेर काढले तर जंगलाचेच नुकसान.

पर्यटनाला जागा आहे, पण तिसरी. आधी हक्क, मग जंगलातली रोजची उपजीविका, आणि त्यावर पर्यटन. पर्यटनाला पाया केले की काय होते ते २०२० साली दिसले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, फाटके बंद झाली आणि ज्या घरांचे सगळे उत्पन्न सफारीवर होते त्यांचे हात रिकामे झाले. एरवीही ताडोबाचा गाभा पावसाळ्यात तीन महिने बंदच असतो. गावाकडे दुसरे काही असेल तर पर्यटन ही चांगली जोड आहे. नागालँडमधल्या खोनोमाने १९९८ साली शिकार बंद करून स्वतःचे सुमारे वीस चौरस किलोमीटर जंगल ब्लिथच्या ट्रॅगोपॅन पक्ष्यासाठी राखले. तिथे पाहुणा गावाच्या नियमाने येतो, कारण जमीन गावाची आहे. अरुणाचलमधल्या सिंगचुंग इथे पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी २००६ साली बुगुन लिओसिक्ला हा नवा पक्षी जगासमोर आणला. नमुन्यासाठी त्यांनी पक्षी मारला नाही. काही पिसे आणि छायाचित्रांवर वर्णन केले. ज्यांचे नाव त्या पक्ष्याला मिळाले त्या बुगुन लोकांनी २०१७ साली सतरा चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. पक्षिनिरीक्षक तिथे येतात आणि गावात पैसा राहतो. दोन्हीकडे क्रम एकच आहे. मालकी आधीची, पाहुणा नंतरचा.

आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्याभोवतीच्या बफरमधल्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजना आहे. तिच्यातून गॅस जोडण्या मिळाल्या, कुंपणे झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण योजना ही खात्याने द्यायची आणि गावाने घ्यायची असते. नेपाळमध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफरमधल्या लोकांवर खर्च व्हावा, असा कायदाच आहे. चितवनजवळच्या सौराहाला लागून असलेले बाघमारा सामुदायिक वन हे एके काळी चरून उजाड झालेले कुरण होते. गावकऱ्यांनी ते उभे केले आणि आज तिथे फिरायला येणाऱ्याचे शुल्क गावाच्या समितीकडे जाते. नेपाळमधले वाघ २००९ साली १२१ होते, २०२२ साली ३५५ झाले. तुमच्याच कसोटीवर हा पुरावा कमी पडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या फाटकांवर जमणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा कायद्याने ग्रामसभांच्या खात्यात जावा, आणि तो फक्त फाटकावरच्या गावांना नव्हे तर ब्रह्मपुरी-सिंदेवाहीसारख्या, वाघ सोसणाऱ्या पण पर्यटक न पाहिलेल्या गावांनाही मिळावा. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात रस्ता, रिसॉर्ट किंवा सफारी आणायची तर त्या ग्रामसभेची संमती घेतल्याशिवाय आणू नये. पुढच्या वेळी ताडोबाचे बुकिंग कराल तेव्हा त्या पैशातले गावाला किती जाते हे तिथल्या कार्यालयात विचारा, उत्तर लेखी मागा आणि ते घेऊन आपल्या आमदाराकडे जा.